ओडलीन ओळखेल का

व्याख्यानाला निघालेला रेनिए लहान पुलावर पोचला, तेव्हा समोरून एक मुलगी डोक्यावर पालेभाजीची टोपली घेऊन येत होती. टोपली सावरायला तिने मान जरा कलती केली. अशी मान कुणीतरी कलती करायचं असं त्याच्या मनात आलं, आणि ते कुणीतरी म्हणजे ओडलीन, हेही पाठोपाठ आलं. मग आपल्या भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा म्हणून त्याने मन तिकडे वळवलं, तर तिथे काहीच नव्हतं. नाव होतं. डाव्या भुवईवर पडल्याची खूण होती हे माहीत होतं. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, उन्हाळ्यात नाकावर तांबूस ठिपके उठायचे, हेही माहीत होतं. पण वर्गात एखाद्या वस्तूची व्याख्या सांगावी तसं ते एकेक करून येत होतं. लक्षणं सगळी जागच्या जागी होती, लक्ष्य तेवढं नाहीसं झालं होतं. तो पुलाच्या मधोमध तसाच उभा राहिला. मागून मासळीची पाटी घेऊन येणारी बाई म्हणाली, "अहो मास्तर, पूल तुमच्या तीर्थरूपांनी बांधलाय का? सरका की बाजूला." तो सरकला. पुलावरच्या दोन घरांमधल्या फटीतून खाली सेन नदीचं मातकट पाणी दिसत होतं. त्या पाण्याकडे बघत त्याने पुन्हा एकदा प्रयत्न केला. ओडलीन गेली त्याला एक हिवाळासुद्धा पुरता झाला नव्हता. तापात ती होती तेव्हा तो तिच्या उशाशी बसून असायचा, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे नुसता तिच्या तोंडाकडे बघत. इतकं बघितलेलं तोंड. आणि आता अजून ईस्टर यायचा होता, उपवासाचे दिवस चालू होते, तोवर या देहाने ते पुसूनही टाकलं होतं. देहाने, असाच शब्द त्याच्या मनात आला, आणि आपल्याच डोक्याची, त्याच्या आतल्या ओलसर मांसाची त्याला किळस आली. कारण हेच तर तो इतकी वर्षं शिकवत होता.

गवताच्या गल्लीतल्या त्या भाड्याच्या दालनात विद्यार्थी जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यावर बसले होते. पेंढा जुना झाला होता, त्याला ओल्या कपड्यांचा आणि हेरिंग माशाचा वास येत होता. रेनिए बोलू लागला. बोलण्यासाठी त्याला हल्ली स्वतःची फारशी गरज लागत नसे. बुद्धीला झाड कळतं, हे झाड कळत नाही. हे झाड डोळ्यांना दिसतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं जिथे साठतं ती जागा डोक्याच्या मागच्या कप्प्यात, मांसात आहे. मरणानंतर आत्मा उरतो, त्याच्याबरोबर बुद्धी उरते, मांस उरत नाही. मग देहावेगळ्या आत्म्याला माणूस म्हणजे काय ते कळेल, नेहमीपेक्षा स्वच्छ कळेल. पण ही आपली आई, हा आपला भाऊ, हे त्याला कुठून कळणार? अंतिम न्यायाच्या दिवशी देह परत मिळतील तेव्हाची गोष्ट वेगळी. तोवर वर गेलेल्यांना आपण कुणीच नाही. एवढं झालं की तो दर वेळी म्हणायचा, श्रद्धा याहून वेगळं सांगते आणि मी श्रद्धेपुढे मान तुकवतो. मी फक्त एवढंच म्हणतो की विचार स्वतःच्या पायांनी तिथवर पोचत नाही. हे शेवटचं वाक्य विद्यार्थी कधी लिहून घेत नसत. तोवर ते पाय मोकळे करायला उठलेले असत.

हा मुद्दा इतरांना ग्रंथांत सापडला होता, त्याला तो बाकावर बसलेला सापडला होता. नामूरच्या मठशाळेत लहानपणी ब्रदर लांबेर नावाचे म्हातारे गुरू होते. त्यांनी रेनिएचा हात हातात धरून त्याला पहिलं अक्षर काढायला शिकवलं होतं. एका थंडीत ते चर्चच्या पायरीवरून घसरले आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटले. जखम भरली, पण त्यानंतर रोज सकाळी ते रेनिएकडे बघून हसत विचारायचे, "तू कोणाचा रे बाळ? आमच्याकडे नवीन आलास वाटतं." रेनिए रोज नाव सांगायचा. ते म्हणायचे, "छान नाव आहे," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. पण शेजारी कुणी धडा म्हणता म्हणता चुकला की उन्हात बाकावर पेंगत बसलेले लांबेर डोळे न उघडताच म्हणायचे, "चूक. पहिल्या विधानातून हे निघत नाही." आणि खरंच ते निघत नसे. तेव्हा रेनिए खूप रडला होता. पुढे रडणं आटलं आणि त्याच्या जागी प्रश्न उरला, आणि त्या प्रश्नानेच त्याला म्यूज नदीकाठच्या नामूरमधून उचलून पॅरिसला आणून ठेवलं. कधीकधी त्याला वाटायचं की आपल्या सगळ्या विद्वत्तेत विचार असा एकच आहे आणि तोही आपला नाही. तो लांबेरांच्या फुटलेल्या डोक्यातून बाहेर पडला आणि आपण जवळ उभे होतो म्हणून आपल्याला चिकटला.

माबीलला यातलं काही माहीत नव्हतं. माबील त्याची थोरली बहीण. शहराच्या कोटाबाहेर, बिएव्हर ओढ्याच्या काठी, तिचा नवरा जॉस कातडी चुन्यात भिजवून आणि ताणून लिहायचं चर्मपत्र बनवायचा. ओडलीन त्यांना फार उशिरा झालेली, एकुलती एक. आपल्या भावाचं बोलणं ऐकायला इंग्लंडपासून इटलीपर्यंतची पोरं येतात हे माबीलला ठाऊक होतं. तो काय बोलतो ते विचारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती आली ओडलीनला पुरल्यावर. पाद्रीबाबा आत गेले होते, जॉस फावड्याला टेकून उभा होता, आणि माबीलने रेनिएची बाही धरून त्याला भिंतीशी नेलं होतं.

"रेनिए, एवढंच सांग. मी वर गेले की पोर मला ओळखेल ना?"

"शेवटच्या दिवशी सगळ्यांना आपापले देह परत मिळतील, ताई. तेव्हा..."

"शेवटच्या दिवसाचं नाही विचारत मी. तो कधी यायचा तेव्हा येवो. मी मेले की लगेच, त्याचं सांग."

"धर्ममत असं आहे की..."

"धर्ममत आमच्या पाद्रीबाबांनाही येतं. तुला काय वाटतं?"

तो म्हणाला होता, "थंडी फार आहे. घरी चल." माबीलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि मग, जणू त्याची काही अडचण आपल्या लक्षात आली अशा समजूतदारपणे, बाही सोडून दिली होती. "बरं. विचार कर. घाई नाही. तुझा विचार झाला की सांग." त्यानंतर तो तिच्याकडे जायचा तेव्हा ती तो विषय काढत नसे. पण ताटात वाढताना, दार लावताना, ती मधूनच त्याच्याकडे बघायची. भट्टीत घातलेला पाव अजून किती वेळ घेईल ते बघावं तशी. त्या बघण्यामुळे त्याचं तिकडे जाणं कमी कमी होत गेलं होतं.

इकडे त्याच्या विचाराला पाय फुटले होते, आणि ते पाय दारूच्या गुत्त्यांतून हिंडत होते. मेल्यावर बायको ओळखणार नाही हे मास्तर रेनिएंनी सिद्ध केलंय, तेव्हा आणखी एक पेला भर, असं पोरं एकमेकांना म्हणायची. ते कुणाच्या तरी विधवेच्या कानावर गेलं. नवरा मला विसरलाच असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना कशाला करू, असं तिने आपल्या पाद्र्याला विचारलं. पाद्री पुढचा विचार करणारा निघाला. वर गेलेल्यांना आपण ओळखू येत नसू तर संतांना तरी आपली हाक कशी ओळखू यावी, हे त्याला सुचलं, आणि तो घाबरून थेट बिशपांकडे गेला. बिशपांनी चौकशीला धर्मपंडित नेमले. त्यांनी रेनिएला दोनदा बोलावलं, सभ्यपणे बसवलं, आणि त्याच्या व्याख्यानातली वाक्यं वाचून दाखवली. वाक्यं त्याचीच होती. शेवटचं तेवढं कुणी टिपून घेतलेलं नव्हतं.

पुलावर थबकला त्याच दिवशी दुपारी गोबेर आला. गोबेर नामूरचाच, त्याच्याबरोबर शिकलेला, आता धर्मशास्त्राचा मोठा मास्तर आणि चौकशी मंडळातला सर्वांत तरुण सभासद. त्याला बारमाही सर्दी असायची. तो बाकावर बसला, नाक पुसलं आणि म्हणाला, "सगळं ठरवून आलोय. रविवारी चर्चमध्ये उभं राहायचं, जे सांगतील ते म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. लॅटिनमध्ये एकदा आणि मग लोकांच्या भाषेत एकदा."

"लोकांच्या भाषेत कशाला?"

"गुत्त्यात लॅटिन बोलतात का? जिथे डाग पडला तिथेच घासायचा."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर कुठल्यातरी डोंगरातल्या मठात नेऊन ठेवतील. शिकवायचं नाही, लिहायचं नाही. बरोबर कुणी बोलायला नाही. डोकं चालू राहील तुझं. मला वाटतं तेच जास्त वाईट."

रेनिए म्हणाला, "गोबेर, तुला स्वतःला काय वाटतं? मी म्हणतो ते खोटं आहे?"

"मला काही वाटणं मी केव्हाच सोडून दिलंय. प्रकृतीला बरं पडतं." त्याने पुन्हा नाक पुसलं, आणि उठता उठता, दाराशी, सहज म्हणाला, "आणि त्या बहिणीचा विचार कर की तुझ्या. तीही ऐकायला येईल. पोर गेलेली बाई. तिला किती बरं वाटेल."

गोबेर गेल्यावर रेनिए त्याच जागी बसून राहिला. त्याला मघापासून भीती वाटत होती आणि ती लाजिरवाणी होती. डोंगर, बर्फ, भिंत, आणि भिंतीकडे बघत चाललेलं आपलं डोकं. आता त्या भीतीवर पांघरायला गोबेरने त्याला चांगली उबदार वस्तू दिली होती. माबीलसाठी. आपण माबीलसाठी बोलू. हे खोटं आहे हे त्याला त्याच क्षणी दिसलं, एखाद्या विद्यार्थ्याची चूक दिसावी तितकं स्पष्ट दिसलं, आणि तरीही त्याने ते सोडलं नाही. उलट त्याच्या मनात आलं की नाहीतरी माझा विचार अपुराच आहे. मी म्हणत होतो मेलेले आपल्याला विसरतात. सकाळी पुलावर कळलं की आपण त्यांना त्यांच्याही आधी विसरतो, हाडामांसाचे असून विसरतो. दोन्ही काठांवरून दोर सुटलेला आहे. मग मधे लोंबणाऱ्या दोराविषयी मी चर्चमध्ये उभा राहून काहीही बोललो तरी काय फरक पडणार आहे. हा युक्तिवाद त्याला पटला नाही, पण पुरला.

रविवारी चर्च भरलं होतं. इतकी माणसं त्याच्या बोलण्याला पूर्वी कधी आली नव्हती. टोपी काढून, हातात पेटती मेणबत्ती धरून तो वेदीच्या खालच्या पायरीवर उभा राहिला. दगडी फरशीचा गारवा तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढला होता आणि मेण बोटांवर ओघळत होतं. आधी लॅटिन झालं, ते सुखरूप पार पडलं. त्या भाषेत तो आयुष्यभर दुसऱ्यांची मतं मांडत आला होता. मग लोकांच्या भाषेत. "मी, नामूरचा रेनिए, असं शिकवत होतो की देह सोडलेल्या आत्म्याला आपली माणसं आठवत नाहीत. हे खोटं आहे. मी ते कुणाच्याही भीतीशिवाय, माझ्या खुशीने सोडून देतो. मेलेली माणसं आपल्याला ओळखतात. ती आपली आठवण ठेवतात. ती आपली वाट बघतात." शेवटचं वाक्य मंडळाने सांगितलेलं नव्हतं. ते त्याने आपणहून जोडलं, कारण मधल्या खांबाजवळ त्याला माबील दिसली होती. शेजारी जॉस जोरजोराने मान डोलवत होता. माबीलने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते. ती रडतेय, असं त्याला वाटलं. त्या गार फरशीवर त्याला क्षणभर खरोखरच बरं वाटलं. बाहेर पडताना पायऱ्यांवर त्याचा एक विद्यार्थी आडवा आला. "मास्तर, आता आम्ही काय लिहून घ्यायचं?" त्याच्या आवाजात टोमणा होता की नाही ते कळेना. "आज सांगितलं ते," रेनिए म्हणाला आणि चालू लागला.

पुढच्या आठवड्यात तो बिएव्हरवर गेला. बऱ्याच दिवसांनी तिकडे जाताना त्याच्या पावलांत चक्क घाई होती. ओढ्याकाठी चुन्याचा आणि भिजत घातलेल्या कातड्यांचा उग्र वास होता. अंगणात लाकडी चौकटींवर ताणून बांधलेली कातडी वाळत होती, त्यांतून ऊन पिवळट होऊन पलीकडे पडत होतं. जॉस एका चौकटीवर वाकून खरवडत होता, त्याने मान वर करून हसून हात केला. माबील आत टेबलाशी बसून सुके वाटाणे निवडत होती.

"आलास. बस. उपवासाचंच आहे, वाटाणे खाशील ना?"

"खाईन." तो बसला. ती निवडत राहिली तेव्हा त्यानेच सुरुवात केली. "ताई, तू मला विचारलं होतंस ना, तेव्हा तिकडे..."

"ऐकलं मी. होते ना मी चर्चमध्ये."

"मग?"

"मग काय. स्पष्ट बोललास. मागच्या लोकांनाही ऐकू गेलं." एक खडा तिने नखाने बाजूला उडवला. "जबरदस्ती केली ना त्यांनी तुला?"

"मी माझ्या खुशीने..."

"मला नको रे सांगूस. घरी तू काही सांडलंस, फोडलंस की बाबा तुला मधे उभं करून माफी मागायला लावायचे. तेव्हा असाच बोलायचास तू. एकेक शब्द सुटा, फळीवरची भांडी खाली मांडून ठेवावीत तसा. तू खांबाजवळून मला दिसलास आणि मी म्हटलं, हा काही आपल्या मनचं बोलत नाहीये." तिचा आवाज चढलेला नव्हता. "ज्याला धरून हो म्हणायला लावतात त्याचं उत्तर नाही असंच असणार ना. मला इतके दिवस वाटत होतं, तुझा विचार चाललाय. तुझा विचार तर कधीच झालेला होता."

"ताई, माझा विचार म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. माझं चुकलेलंही असेल."

"चुकलेलं असतं तर त्यांनी तुला समजावलं असतं. उभं केलं नसतं."

असल्या आक्षेपांना उत्तरं देण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि या आक्षेपाला जागा कुठे आहे तेच त्याला सापडेना. माबीलने निवडलेले वाटाणे भांड्यात ओतले. पाठमोरी होऊन ती चुलीशी गेली आणि तिकडूनच म्हणाली, "मी बोलायचे तिच्याशी. रोज. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. आज काय शिजवलं, तुझा बाप काय म्हणाला, शेजारच्यांची मांजर व्याली, असलंच. ऐकत असेल असं धरून चालायचं. पण त्या रविवारपासून मी बोलायला लागते आणि वाटतं, तिला वाटत असेल, ही कोण बाई माझ्याशी बोलतेय." तिने झाकण ठेवलं. "तेवढं थांबलंय. बाकी काही नाही."

रेनिए टेबलाच्या लाकडावरचे सुरीचे जुने चरे बघत बसला. थडग्यापाशी, त्या भिंतीशी, तिने बाही धरली होती तेव्हा आपण नुसतं हो म्हणालो असतो तर ती आयुष्यभर त्या मुलीशी बोलत राहिली असती. तेव्हा आपल्याला कुणाची भीती नव्हती, म्हणून आपण प्रामाणिक राहिलो. ज्या एका माणसाला खोटं उपयोगी पडलं असतं त्याच्यापासून आपण ते जपून ठेवलं आणि मग मेणबत्ती हातात घेऊन सगळ्या शहराला वाटून टाकलं. हे त्याला माबीलला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तेही मुद्देसूद झालं असतं. माबीलने ताट पुढे ठेवलं, तो खायला लागला, आणि वाटाण्यांना मीठ कमी आहे एवढंच त्याला नीट जाणवत राहिलं. ती समोर बसली होती. मधूनच त्याच्याकडे बघायची ती तिची नजर आता बंद झाली होती. कशाचीही वाट न बघणाऱ्या माणसासारखी ती बसली होती.

निघाला तेव्हा जॉस हात पुसत त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आला. चुन्याने त्याची बोटं खाल्लेली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. "मास्तर," तो म्हणाला. मेहुण्याला तो अर्ध्या थट्टेने आणि अर्ध्या आदराने मास्तरच म्हणायचा. "त्या दिवशी तुम्ही बोललात, माझा जीव कसा हलका झाला. हिचं मात्र काहीतरी भलतंच. म्हणते, तुम्हाला आतून तसं वाटत नाही. म्हटलं, विचारूनच टाकावं. आता इथे काही बिशप नाही, कुणी नाही. खरं सांगा. ओळखेल ना पोर?"

रेनिएने त्याच्याकडे पाहिलं. "ओळखेल," तो म्हणाला. आवाज सहज आला, घरगुती, जरा हसराच. जॉस आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबला होता, तेव्हा रेनिए पुढे बोलू लागला. आठवण देहात असते हे खरं, पण प्रेम कुठे असतं? प्रेम इच्छेत असतं, आणि इच्छा आत्म्याची. आत्मा ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याकडे वळलेलाच राहतो, फूल उन्हाकडे वळतं तसा. आणि ज्याच्याकडे आपण वळलेले आहोत तो समोर आला तर ओळखायला डोळे कशाला लागतात? जॉस तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "असं साधं आहे होय," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्या खांद्यावरून रेनिएला दिसलं की माबील धुवणाचं पाणी घेऊन उंबऱ्यात आलेली आहे आणि किती वेळ आहे कोण जाणे. तिने पाणी बाजूच्या गटारात ओतलं, भांडं झटकलं आणि ती आत गेली.

तो शहराकडे चालू लागला. रस्ता चिखलाचा होता, कुंपणापलीकडच्या मळ्यांत माणसं वाकून कांदे लावत होती. आपण जॉसला सांगितलं ते त्याच्या डोक्यात आपोआप पुन्हा मांडलं जात होतं, एकेक विधान वेगळं करून. वेशीपाशी पोचायच्या आतच त्याला त्यातला दोष सापडला. वळलेलं असणं आणि ओळखणं या दोन गोष्टी त्याने गुपचूप एक धरल्या होत्या. फूल उन्हाकडे वळतं, पण ऊन म्हणजे काय ते फुलाला कुठे माहीत असतं. दोष सापडला की नेहमी व्हायचा तसा त्याला क्षणभर आनंद झाला, स्वच्छ, लख्ख आनंद, आणि तो लपवायची त्याला गरज पडली नाही, कारण रस्त्यावर त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.